डुकर सरकारचो, भात माझा

घरमालकांनी बजावलं होतं, शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेव, गावजेवण आहे. म्युनिकच्या उत्तरेला, हॉप्सच्या उंच मळ्यांमधलं हे गाव. मी इथं आठ वर्षं भाड्याने राहते. गावजेवण म्हटल्यावर कोकणातल्या मुलीने नाही म्हणायचं नसतं. गेले.

खानावळीच्या माडीवर चाळीसेक माणसं होती. बहुतेक शेतकरी, बहुतेक साठीच्या पुढचे. भिंतींवर शिंगंच शिंगं. जेवणाआधी सभा झाली. इतिवृत्त वाचलं गेलं, खजिनदाराने हिशेब मांडला : वर्षाचं भाडं इतकं जमा, त्यातून ओढ्यापलीकडच्या शेतरस्त्यावर खडी टाकली, दोन मोऱ्या दुरुस्त केल्या, शिल्लक इतकी. मग मतदान. आधी हात मोजले, मग हात वर करणाऱ्यांची जमीन मोजली. ठराव पास व्हायला डोकी आणि हेक्टर, दोन्हींचं बहुमत लागतं म्हणे. शेवटी कोपऱ्यातला एक उंच माणूस उठला, गावाचे आभार मानून म्हणाला की आजचं जेवण आणि बिअर माझ्याकडून, आणि बसला. टाळ्या. मग ताटं आली : लाल कोबी, बटाट्याचे मऊ गोळे, आणि 'रे' नावाच्या लहानखुऱ्या हरणाचं घट्ट, काळपट कालवण.

"हा कोण?" मी घरमालकांना विचारलं.

"शिकारी. म्युनिकला दातांचा डॉक्टर आहे."

"आणि भाडं कसलं?"

"आमच्या शिवारात शिकार करण्याचं."

"म्हणजे तो तुम्हाला पैसे देतो?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विचारलंय की पाऊस वरून खाली पडतो का. "मग काय आम्ही त्याला देणार?"

"आणि रानडुकरांनी मका लोळवला तर?"

"त्याचेही तोच देतो. करारात आहे."

मी चमचा खाली ठेवला. डोक्यात बाबांचं वाक्य घुमायला लागलं होतं.

ते वाक्य त्याच्या आधीच्या ऑक्टोबरातलं. सिंधुदुर्गातलं आमचं गाव, भात कापणीला आलेलं. बाबांचा फोन : "कालच्या रातीक डुकरांनी खालचो कुणगो सगळो लोळवल्यानी. खाल्ल्यानी थोडा, नासल्यानी जास्ती." मी शहाणपणा केला. म्हटलं, बाबा, अर्ज करा, भरपाई मिळते. पलीकडे थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "डुकर सरकारचो, भात माझा. डुकराक हात लावलंय तर सरकार येता. भाताक कोण येता?"

गंमत म्हणजे कायद्याच्या पुस्तकातही जवळजवळ हेच लिहिलंय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३९वं कलम सांगतं की मारलं गेलेलं वन्य जनावर ही राज्य सरकारची मालमत्ता. बाबा चौथी पास आहेत आणि त्यांनी हे कलम वाचलेलं असण्याची शक्यता शून्य. पण मालक कोण आणि भुर्दंड कोणाला, हे शेतकऱ्याला कलम न वाचताही कळतं.

अर्ज त्यांनी त्याआधी एकदा केला होता. सातबारा जोडायचा होता. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांचा सगळा वंशविस्तार आहे, एकतीस नावं. त्यातले काही वारलेले, काही लालबागला, काही विरारला, एक आत्या बेळगावात, एकाचा ठावठिकाणाच नाही. संमतिपत्र आणा, असं कचेरीत सांगितलं. पंचनाम्याला साहेब आले तोवर बाबांनी उरलेलं भात कापून घेतलं होतं, कारण आभाळ भरून आलं होतं. साहेब भले माणूस होते. म्हणाले, काका, आता मी काय बघून लिहू? पैसे आले नाहीत असं नाही, सात-आठ महिन्यांनी आले. कापणीच्या गड्यांची दोन दिवसांची मजुरी सुटली असती त्यात. बाबांनी ते काढलेसुद्धा नाहीत, खात्यातच आहेत.

त्या रात्री खानावळीतून चालत परत येताना मी या दोन गावांची तुलना करत होते. इथेही जमिनीचे तुकडे लहान आहेत, इथेही वारस परगावी आहेत. पण इथे तुकडेवाल्यांची आपोआप एक संस्था होते, कायद्यानेच होते, आणि जनावराशी व्यवहार ती संस्था करते. आमच्याकडे एकतीस नावं म्हणजे एकतीस अडचणी. इथे ती बैठकीची गणसंख्या.

पुढे मला या विषयाचं वेडच लागलं. घरमालकांच्या कपाटातली पुस्तकं, नगरपालिकेतल्या बाईंना विचारलेले बावळट प्रश्न, आणि त्या दातांच्या डॉक्टरांबरोबरची एक संध्याकाळ, एवढ्या भांडवलावर मला कळलं ते असं. जर्मन कायद्यात रानातलं जनावर बिनमालकीचं असतं. त्यांचा शब्दच तसा आहे, 'हेरेनलोस', धनी नसलेलं. सरकारचंही नाही, शेतकऱ्याचंही नाही. पण ते मारण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो, आंब्याच्या झाडासारखा. पूर्वी तो हक्क राजेरजवाड्यांचा होता. सरदारांची हरणं आणि डुकरं कुळांची शेतं खायची आणि कुळाने काठी उगारली तर कुळालाच शिक्षा. १८४८च्या क्रांतीत लोकांनी जे जे उलथलं त्यात हे एक. हक्क शेतकऱ्यांकडे आला आणि शेतकऱ्यांनी वर्ष-दोन वर्षांत इतकी जनावरं मारली की प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याने १८५० साली घाईघाईने नवा कायदा केला : हक्क तुझाच, पण सलग तीनशे मॉर्गन (जमिनीचं तिथलं जुनं माप) जमीन असेल तरच स्वतः बंदूक चालव. नाहीतर शेजाऱ्यांबरोबर एकत्र ये. आजच्या संघराज्याच्या कायद्यात असलेला ७५ हेक्टरांचा आकडा थेट तिथून आलाय. आमच्या राज्यात, बव्हेरियात, तो थोडा जास्त आहे. त्याहून कमी जमीनवाले सगळे आपोआप त्या संस्थेचे सभासद होतात, आणि संस्था शिवार भाड्याने देते, साधारण नऊ वर्षांच्या कराराने.

नऊ वर्षं का, तर शिकाऱ्याने एका हंगामात रान धुऊन नेऊ नये म्हणून. पुढच्या आठ वर्षांचं भाडं त्यालाच भरायचं असतं.

मका, बटाटे, गहू यांचं डुकरांनी, हरणांनी, रानसशांनी केलेलं नुकसान भरून देण्याची जबाबदारी मुळात संस्थेची. करारात ती बहुतेक वेळा शिकाऱ्याच्या गळ्यात बांधतात. नुकसान कळल्यापासून एका आठवड्याच्या आत गावच्या कचेरीत कळवायचं. आठवा दिवस उजाडला की हक्क गेला. आमचे घरमालक जून-जुलैमध्ये दर रविवारी चर्चनंतर मक्याभोवती फेरी मारतात ते देवदर्शनाच्या भक्तिभावाने नाही, एवढ्यासाठी. मका वाढला की बाहेरून काही दिसत नाही. आत डुकरं गोल मैदान करून बसलेली असतात. हल्ली तर ते ड्रोन उडवतात.

सगळ्याच सभासदांना हे मान्य असतं असं नाही. एका जमीनमालकाला शिकार तत्त्वतः नामंजूर होती. माझ्या जमिनीवर माझ्या इच्छेविरुद्ध बंदूक कशी, म्हणून तो स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ साली जिंकला. आता अशा माणसाला अर्ज करून आपली जमीन वगळता येते. शिवाय या सगळ्या शिस्तीतला बराचसा भाग १९३४च्या कायद्यातून आलेला आहे, तो हिटलरचा मंत्री गोरिंगने आणला होता. खानावळीतल्या सभेत ही गोष्ट कोणी काढत नाही. मीही काढली नाही.

डॉक्टरांबरोबरची संध्याकाळ ऑगस्टमधली. शेताच्या कडेला लाकडाचं उंच मचाण, वर टेलिफोन बूथएवढी खोली, आत एक फळी आणि जुनी घोंगडी. शिडी करकरत होती. त्यांनी कानात सांगितलं की परवान्याची परीक्षा वैद्यकीच्या परीक्षेइतकीच छळणारी होती : शस्त्रं, कायदा, झाडं, कुत्री, जनावरांचे रोग, मांस कसं हाताळायचं. लोक तिला 'हिरवी बारावी' म्हणतात. असा परवाना असलेली चार लाखांहून जास्त माणसं या देशात आहेत. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुढचा दीड तास आम्ही काहीच बोललो नाही.

माळ्यावर बसण्याची मला सवय होती. आमच्या वरकस जमिनीत नाचणी आणि भुईमूग असायचा आणि त्याच्या राखणीला आजोबा माळ्यावर झोपायचे. चार मेढी, वर पेंढा, खाली शेकोटी. मी सहा-सात वर्षांची असताना हट्टाने त्यांच्याबरोबर जायची. हाताशी पत्र्याचा डबा, गोफण, आणि ठासणीची बंदूक. बंदुकीचा परवाना शेतीसंरक्षणाचा होता. निवडणुका आल्या की ती पोलिस ठाण्यात जमा करायची. गावातले सगळे बंदूकवाले मग एकदमच निघायचे, मिरवणूक निघाल्यासारखे, आणि आजी म्हणायची, आता डुकरांका मतदान होईपर्यंत सुट्टी.

इथे तिन्हीसांज झाली तशी मक्यातून एक हरिणी बाहेर आली. मागे पाडस. चाळीस-पन्नास पावलांवर. डॉक्टरांनी दुर्बीण लावली, बंदुकीला हात लावला नाही. पिलं वाढवणारी आई मारणं हा इथे गुन्हा आहे. पाडस आधी, आई मागून, हा क्रम चुकला तर परवाना जाऊ शकतो. हरिणी कान हलवत उभी राहिली, काहीतरी खाल्लं आणि गेली. डुकरं आलीच नाहीत. उतरताना मी विचारलं, तुमच्या शिवारात एकूण हरणं किती? ते म्हणाले, कोणालाच माहीत नाही. मोजत नाही आम्ही. आम्ही रोपं मोजतो.

हे मला फार आवडलं. बव्हेरियात दर तीन वर्षांनी वनखात्याची माणसं जंगलात रांगा आखून लहान रोपं तपासतात : किती रोपांचा शेंडा कुरतडलेला आहे. ओक आणि फरसारखी कोवळी झाडं हरणांना गोड लागतात. शेंडे जास्त कुरतडलेले दिसले तर पुढच्या तीन वर्षांचा मारायचा आकडा वाढतो. हा आकडा नुसती परवानगी नाही, तो कोटा भरावा लागतो. अर्थात यावरून वनवाले आणि शिकारी यांच्यात कायमची जुंपलेली असते. शिकाऱ्याला मचाणावरून हरीण दिसायला हवं असतं, वनवाल्याला झाड. दोघंही निसर्गाच्या नावानेच भांडतात.

नोव्हेंबरात हाक्याची शिकार झाली. भडक नारिंगी जाकिटं घातलेले हाकारे, कुत्री, आरडाओरडा, अगदी आमच्याकडच्यासारखं. संध्याकाळी मारलेली डुकरं फरच्या डहाळ्यांवर ओळीने मांडली, चार कोपऱ्यांत जाळ केला आणि शिंग फुंकलं. डुकराचा सूर वेगळा, हरणाचा वेगळा, कोल्ह्याचा वेगळा. जखमेतून वाहतं त्याला ते रक्त म्हणत नाहीत, घाम म्हणतात. एकाने ओकची लहान डहाळी मोडून एका मोठ्या डुकराच्या दातांमध्ये ठेवली. मी विचारलं हे काय? 'शेवटचा घास.' मला आजीच्या तोंडात ठेवलेलं तुळशीपत्र आठवलं आणि मी दुसरीकडे बघायला लागले.

त्यानंतर लगेच सगळं फार व्यवहारी झालं. प्रत्येक डुकराचा नमुना कृमींच्या तपासणीला. २०२०च्या सप्टेंबरात ब्रांडेनबुर्गमध्ये आफ्रिकी स्वाइन फीव्हर सापडल्यापासून पशुपालकांची झोप उडालेली, म्हणून आणखी तपासण्या. बव्हेरियाच्या काही भागांत मांसातला किरणोत्सारही मोजतात. १९८६ साली चेर्नोबिलचा पाऊस इथे पडला, त्यातलं सीझियम जमिनीत मुरलं आणि डुकरं जमिनीखालची कंदासारखी आळंबी उकरून खातात. किलोला ६०० बेकरेलच्या वर गेलं तर विकायचं नाही. चाळीसेक वर्षं झाली तरी काही डुकरं अजून नापास होतात.

एवढं करून डुकरं कमी झाली का? नाही. २०१९-२०च्या हंगामात जर्मनीत सुमारे ८ लाख ८० हजार रानडुकरं मारली गेली आणि तरी ती आहेतच. हिवाळे सौम्य झाले, बायोगॅस आणि गुरांसाठी मका वाढला, ओक आणि बीचला वरचेवर बहर येतो. बर्लिनमध्ये तर ती शहरात फिरतात. २०२०च्या उन्हाळ्यात तिथल्या एका तळ्याकाठी डुकरीण उघड्यावर ऊन खात पडलेल्या माणसाची लॅपटॉपची पिवळी पिशवी घेऊन पळाली, मागे दोन पिल्लं, आणि त्यांच्या मागे तो गृहस्थ जन्मल्या वेशात. तो फोटो मी बाबांना पाठवला होता. त्यांनी मेसेज केला : "थय पण?"

अमेरिकेचं मी माझ्या मावसभावाकडून ऐकते. तो मिनेसोटात असतो. तिथे जनावर जनतेचं, सरकार फक्त विश्वस्त. जमीन तुझी असली तरी त्यावरचं हरीण तुझं नाही, परवाना काढ. बाजारात रानातलं मांस विकता येत नाही. जर्मनीत खाटकाच्या काचेत ते ठेवलेलं असतं. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, लांब बंदुकांवर ११ टक्के, आणि १९३७ पासून तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. म्हणजे हरणाचा पगार काडतूस देतं. नामिबियाने १९९६ साली कायदा बदलून गावांना आपापल्या रानावर हक्क दिला, पर्यटन आणि शिकारीचं उत्पन्न गावाकडे वळवलं. केनियाने उलट १९७७ सालीच शिकार बंद केली. प्रत्येकाचं म्हणणं आमचंच खरं. मावसभाऊ दर नोव्हेंबरात एक हरीण मारतो, फ्रीजर भरतो आणि मावशीला सांगतो की मटण आणलंय.

इथवर वाचून वाटेल की मी जर्मनांवर भाळलेय. म्हणून ब्रूनोची गोष्ट सांगते.

म्युनिकला नुम्फेनबुर्गच्या राजवाड्यात एक निसर्ग-संग्रहालय आहे. तिथे पेंढा भरलेलं एक तपकिरी अस्वल मधमाश्यांच्या पेटीवर डल्ला मारताना उभं केलंय. शाळेच्या सहली त्याच्यासमोर थांबतात. त्याचं सरकारी नाव जेजे-१, लोकांनी ठेवलेलं नाव ब्रूनो. इटलीतल्या ट्रेंटिनो भागात अस्वलं पुन्हा वसवली होती, त्यांच्यातलं हे पोर. २००६च्या मे महिन्यात ते आल्प्स ओलांडून बव्हेरियात आलं. इथे शेवटचं अस्वल १८३५ साली मारलेलं, म्हणजे १७० वर्षांनी पाहुणा. मंत्र्यांनी आधी स्वागत केलं. मग पाहुण्याने मेंढ्या मारल्या, कोंबड्या मारल्या, पेट्या फोडल्या. मुख्यमंत्री श्टॉयबर यांनी भाषणात अस्वलांचे तीन प्रकार पाडले : नॉर्मल अस्वल, नुकसानकारी अस्वल आणि समस्या-अस्वल. फिनलंडहून शिकारी आणि कुत्री आणली, त्यांना दोन आठवडे गुंगारा दिला. देशात फुटबॉलचा विश्वचषक चालू आणि अर्धी जनता अस्वलाच्या बाजूने. २६ जूनच्या पहाटे त्याला गोळी घातली. कोणी घातली ते गुप्त ठेवलं. एकाही माणसाला त्याने ओरखडा काढला नव्हता.

बारा वर्षांनी यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण. तिचं सरकारी नाव टी-१. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले होते, तिच्याबरोबर दोन बछडे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हत्ती आणले, थर्मल ड्रोन आणले, पॅराग्लायडर आणला, इटालियन जातीची कुत्री आणली, आणि शेवटी वासाने भुलावं म्हणून विदेशी अत्तर शिंपडलं. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती मारली गेली. एकीकडे मेणबत्त्या, दुसरीकडे फटाके. मुंबईत मोर्चा, पांढरकवड्याकडच्या गावांत पेढे.

दोन्ही गोष्टींत मला एकच वाक्य सतत टोचतं. मेंढ्यांचा हिशेब आणि तेरा माणसांचा हिशेब, यांत केवढं अंतर. महाराष्ट्र जर्मनीपेक्षा आकाराने लहान : ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर विरुद्ध ३ लाख ५७ हजार. माणसं मात्र आपल्याकडे जास्त, २०११ सालीच सव्वाअकरा कोटी, इथे सव्वाआठ-साडेआठ. या एवढ्या दाटीत २०२२च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आणि १,९८५ बिबटे राहतात. इथे कायम वस्तीचं अस्वल एकही नाही, आणि २००० सालापासून परतलेल्या लांडग्यांचे दोनशेच्या आसपास कळप. तेवढ्या लांडग्यांवरून दर निवडणुकीत रान पेटतं, आणि २०२५ साली युरोपने लांडग्याचं संरक्षण एक पायरी खाली आणलं. घरमालकांना मी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या, उसात राहणाऱ्या बिबट्यांबद्दल सांगितलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कॅमेरे लावून २०१३ साली छापलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे निघाले, आणि ते जंगलात नव्हे, शेतांत, घरांच्या आसपास. घरमालकांनी विचारलं, "मग लोक काय करतात?" मी म्हटलं, संध्याकाळी मुलांना घरात घेतात. कुत्रं गेलं तर दुसरं पाळतात. जुन्नरला पकडून दूर सोडले तेव्हा हल्ले उलट वाढले होते. माणूस गेला तर २५ लाख मिळतात. काही ठिकाणी वाघोबाला शेंदूर लावतात. आमच्याकडे वाघबारशीला पोरं एकाला वाघ करून ओढ्यापलीकडे पळवतात.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही एक अस्वल सांभाळू शकलो नाही."

मला त्या कौतुकाचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही थोडा. पण २५ लाख आणि शेंदूर या दोन गोष्टी मी एका दमात बोलून गेले, हे मलाच खटकलं. ज्यांच्या अंगणातलं लेकरू गेलं त्यांना 'सहजीवन' हा शब्द कोणी विचारून दिलेला नाही. म्युनिकजवळच्या गरम खोलीत बसून तो वापरणं सोपं आहे, पुण्या-मुंबईतही सोपं आहे. २०१६ साली बिहारात नीलगाई मारल्या तेव्हा दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री जाहीरपणे भांडले, मनेका गांधी आणि आपले प्रकाश जावडेकर. त्यात मी तेव्हा मनेकाबाईंच्या बाजूने फेसबुकवर लिहिलं होतं. बाबा फेसबुकवर नाहीत, हे बरं.

आणि बंदीने काही साधलं नाही, असंही मी म्हणणार नाही. २००६ साली १,४११ वर आलेले वाघ २०२२ला ३,६८२ झाले, ते काही जेवणावळी घालून नाही झाले. कायदा नसता तर आम्हीही १८४८ नंतरच्या त्या शेतकऱ्यांसारखं दोन वर्षांत रान साफ केलं असतं. आमच्या गावाला मी चांगलं ओळखते.

पण वाघासाठी शिवलेला कोट आपण डुकरालाही घातला. १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार संपली. पिकाला धोका असेल तर ११व्या कलमाखाली परवानगी मागता येते, कागदावर. केरळने २०२२ साली रानडुकरांसाठी तो अधिकार पंचायतींपर्यंत नेला, पण मारलेलं डुक्कर पुरायचं, खायचं नाही. हे वाक्य मी डॉक्टरांना भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं माझं जर्मन चुकलं.

आजोबा गेल्यावर बंदुकीचा परवाना कोणी पुढे चालवला नाही. बंदूक जमा झाली ती झाली. शिकार मात्र थांबली नाही, ती फक्त दिसेनाशी झाली. पूर्वी हाकारे जायचे तेव्हा अख्ख्या वाडीला कळायचं कोण गेलं, काय मारलं, वाटे किती पडले. विधवेच्या घरी वाटा पोचायचा. गाभण डुकरीण मारली तर आजोबा शिव्या घालायचे. आता काजूच्या बागेच्या कुंपणात रात्री वायरची फासकी लागते. कोणी लावली ते कोणाला माहीत नसतं. तिला गाभण कळत नाही की डुक्कर-बिबट्या कळत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या वहाळाच्या कडेला अशा फासकीत बिबट्याची मादी अडकली होती. पोटाला वायर. बाबा म्हणतात, सकाळपासून दुपारपर्यंत तिचं ओरडणं वाडीभर ऐकू येत होतं आणि दुपारनंतर येईनासं झालं. पिंजरा आणि डॉक्टर घेऊन गाडी लांबून यायची होती, ती आली. बाबांच्या मोबाइलवर तिचा फोटो आहे. त्यांनी तो मला कधी पाठवला नाही, मी गावी गेले तेव्हा दाखवला आणि लगेच फोन उलटा ठेवला.

जेवणावळीची गोष्ट मी त्यांना दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगितली होती. शिकारी शेतकऱ्याला भाडं देतो, वर नुकसान भरून देतो, वर जेवू घालतो. त्यांना ती मी रचली असं वाटलं. मग हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. संध्याकाळपर्यंत ती तिठ्यावरच्या दुकानात पोचली होती आणि तिथे तिला शेपूट फुटलं होतं : जर्मनीत डुक्कर मारायला सरकार विमानाचं तिकीट देतं. काकांनी मला विचारलं, खरंच काय गो, फॉर्म खय मिळता?

परवा पुन्हा फोन केला. इथे संध्याकाळचे साडेसहा, तिकडे रात्रीचे दहा. बाबा घरी नव्हते, माळ्यावर होते. वय बहात्तर. आता माळा पत्र्याचा आहे आणि वर लुकलुकणारा सोलर दिवा आहे. डुकरं पहिला आठवडा त्याला घाबरली, मग त्याच्या उजेडात चरायला लागली. भुंकण्याची रेकॉर्डिंगवाली पेटी आणली होती, ती पावसात बंद पडली. मी विचारलं, जेवलात? म्हणाले, डबो इलो हा. पाऊस? नाय. मी त्यांना डॉक्टरांच्या मचाणाचं सांगत होते, खोली कशी बंद असते, घोंगडी असते, आणि ते मध्येच म्हणाले, "गप. ऱ्हव हां वायच."

फोन बंद केला नाही, खिशात टाकला असावा. कापड घासल्याचा आवाज. मग पत्र्याचा डबा वाजायला लागला, धडधड धडधड, आणि त्याच्यावरून त्यांची आरोळी, खालच्या कुणग्याच्या दिशेने. दुरून कोणीतरी दुसऱ्या माळ्यावरून डबा वाजवून उत्तर दिलं. त्याच्याही पलीकडून तिसऱ्याने.